बिनस्क्रूच्या कॅबिनेटमध्ये कार्ड बसवताना: खटका कुठे पुरतो आणि स्क्रू कुठे लागतोच

प्रश्न थोडक्यात असा. देवगडजवळच्या एका आंब्याच्या वखारीत बिलिंगचा संगणक आहे. कॅबिनेट बिनस्क्रूचं, म्हणजे मागच्या प्रत्येक स्लॉटवर प्लास्टिकचा एकेक खटका. आत तीन कार्डं: वजनकाट्यासाठी सीरियल पोर्टचं, एक वाय-फायचं आणि एक जुनं, जड ग्राफिक्स कार्ड. सीरियल कार्डावरचा खटका तुटला आहे आणि कॅनिंगच्या आंब्याचं वजन चालू असताना काटा मध्येच संगणकाला दिसेनासा होतो. तसाच खटका कुठे मिळेल, की कॅबिनेटच बदलावं?

दोन्ही नको. त्याच मापाचा खटका सुटा मिळणं कठीण, कारण प्रत्येक कॅबिनेटवाल्याचा साचा वेगळा. आणि मिळाला तरी या कार्डाला तो पुरणार नाही. वाय-फाय कार्ड खटक्यावरच राहू द्या. सीरियल कार्डाला एक आणि ग्राफिक्स कार्डाला दोन स्क्रू लावा. एकूण तीन स्क्रूंचं काम आहे, पण ते नीट केलं नाही तर मदरबोर्ड जायचा, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी खटका नेमकं काय करतो ते पाहू. कॅबिनेट आडवं ठेवून उघडी बाजू वर केली की कार्ड उभं दिसतं. कार्डाच्या मागच्या टोकाला लोखंडी पट्टी असते, पूर्ण उंचीच्या कार्डाची सुमारे १२० मिलिमीटर. पट्टीचं खालचं टोक निमुळतं असतं, त्याला जीभ म्हणू. ती मदरबोर्डची कड आणि कॅबिनेटचा मागचा पत्रा यांच्या फटीत उतरते. वरचं टोक काटकोनात दुमडलेलं असतं, तो कान. हा कान कॅबिनेटच्या कठड्यावर टेकतो आणि त्याला एका बाजूने उघडी अशी अर्धगोल खाच असते. स्क्रू त्या खाचेतून कठड्यात जातो. म्हणजे कार्ड तीन जागी धरलेलं असतं: जीभ, स्लॉट आणि कान.

स्क्रू कानाला कठड्यावर दाबून धरतो. त्या दाबामुळे कान वर उचलला जात नाही, बाजूला सरकत नाही, आणि पट्टी व कॅबिनेट यांचा धातूला धातू असा पक्का स्पर्श होतो. खटका यातलं पहिलं काम बऱ्यापैकी करतो. दुसरं काम त्याच्या पोटाला कानाच्या खाचेत बसणारी खुंटी असेल तरच. तिसरं जवळजवळ नाहीच, कारण प्लास्टिक आज जेवढं दाबतं तेवढं दोन वर्षांनी दाबत नाही. सतत ताणाखाली राहिलेलं प्लास्टिक हळूहळू त्याच आकाराला सरावतं, आणि मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली ते लवकर होतं. खटका दिसायला बंद, पण आत कान हलतोय, अशी अवस्था मग येते.

खटक्यांचे प्रकारही सारखे नाहीत. प्रत्येक स्लॉटला स्वतंत्र खटका हा त्यातल्या त्यात बरा, कारण एक तुटला तर बाकीचे शाबूत राहतात. कंपन्यांच्या ऑफिससाठी येणाऱ्या ब्रँडेड टॉवरमध्ये सगळ्या स्लॉटना मिळून एकच झडप असते. ती उघडायला सोपी, पण एखाद्या कार्डाचा कान जाड किंवा किंचित वाकडा असला की तेवढ्याने झडप उचलली जाते आणि शेजारच्या कार्डांवरचा दाब जातो. दुखणं एका कार्डाचं, तक्रार दुसऱ्याची. सरकत्या पट्टीचे खटके स्वस्त कॅबिनेटमध्ये दिसतात. त्यांच्या खोबणीत चिऱ्याची लाल धूळ बसली की ते अर्धवटच सरकतात. अंगठ्याने फिरवायचा मोठ्या डोक्याचा थंब स्क्रूही ‘बिनहत्यारी’ म्हणूनच विकला जातो, पण तो मुळात स्क्रूच. माझं मत विचाराल तर बिनहत्यारी प्रकारात भरवशाचा तेवढाच.

आता स्क्रूबद्दल, कारण दुकानात बहुतेकदा चूक इथेच होते. कार्डाच्या कठड्याला ‘६-३२’ आट्याचा स्क्रू लागतो. बाहेरचा व्यास ३.५ मिलिमीटर, एका इंचात ३२ आटे, लांबी ६ मिलिमीटरच्या आसपास. ‘संगणकाचा स्क्रू’ मागितला की हातात येतो तो बऱ्याचदा एम ३, म्हणजे सीडी ड्राइव्ह आणि एसएसडीचा. त्याचा व्यास ३ मिलिमीटर आणि आटे बारीक, अर्ध्या मिलिमीटरचे. एम ३ स्क्रू ६-३२ च्या भोकात सैल फिरतो, कधी अडकल्यासारखा वाटतो, आणि महिन्याभरात आत पडतो. चालू मदरबोर्डवर पडलेला स्क्रू म्हणजे शॉर्ट. ओळखायचं असं: दोन्ही स्क्रू शेजारी धरून आटे पाहा. जाड, विरळ आट्यांचा तो ६-३२. खात्रीच करायची तर कॅबिनेटची बाजूची झाकणं ज्यांनी बसवलेली असतात ते स्क्रू साधारण याच आट्याचे असतात, त्यातला एक काढून जुळवून बघा.

तुटलेला खटका काढताना नाक पक्कडीने ओढू नका. बहुतेक खटके आतून दोन दाढांवर बसवलेले असतात. दाढा चिमटून बाहेर ढकलल्या की तुकडा अख्खा निघतो. मोडका तुकडा तसाच ठेवून वरून स्क्रू घातला तर स्क्रूचं डोकं प्लास्टिकवर टेकतं, कानावर नाही. खटका निघाला की खाली कठड्यात भोक दिसेल. बऱ्याच कॅबिनेटमध्ये ते आटे पाडलेलंच असतं, कारण एकच साचा स्क्रूच्या आणि खटक्याच्या अशा दोन्ही मॉडेलना वापरतात. हाताने स्क्रू फिरवून बघा; दोन फेरे सहज गेले तर काम झालं.

भोक आहे पण आटे नाहीत, असंही होतं. अशा वेळी ६-३२ चा स्क्रू पत्र्यात स्वतःच आटे पाडू शकतो; भोक २.८ मिलिमीटरच्या आसपास हवं आणि स्क्रू सरळ उभा धरून अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा न्यायचा. एक गोष्ट ध्यानात ठेवा. कॅबिनेटचा पत्रा अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाड, आणि ६-३२ चे दोन आट्यांतलं अंतर ०.७९ मिलिमीटर. म्हणजे सपाट पत्र्यात जेमतेम एक आटा धरतो. चांगल्या कॅबिनेटमध्ये भोकाची कड खाली ओढून नळीसारखी केलेली असते, तिथे दोन-तीन आटे मिळतात. म्हणून जोर काढायचा नाही: स्क्रूचं डोकं कानाला टेकलं की आणखी पाव फेरा, बस्स. भोकच नसेल तर ड्रिल मारावं लागेल, आणि त्यासाठी मदरबोर्ड पूर्ण बाहेर काढायचाच. ‘फडकं टाकून मारतो’ म्हणणाऱ्याच्या हातात मशीन देऊ नका. लोखंडाचा कीस कापडातून निसटतो आणि स्लॉटच्या संपर्कपट्ट्यांत जाऊन बसतो.

कार्ड बसवण्याचा क्रम. संगणक बंद करा, एसएमपीएसची (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याची) वायर भिंतीतून काढा, मग पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट उतरतो. कॅबिनेट आडवं ठेवा. उभ्या कॅबिनेटमध्ये कार्ड बसवणं ही निम्म्या बिघाडांची सुरुवात. त्या स्लॉटसमोरचा आणि शेजारचे खटके उघडा. जीभ आधी फटीत उतरतेय ना ते टॉर्च लावून बघा. ती पत्र्याच्या बाहेर राहिली किंवा मदरबोर्डच्या कडेवर टेकली तर कार्ड कितीही दाबलं तरी मागून उचललेलं राहतं. मग दोन अंगठ्यांनी, एक पट्टीजवळ आणि एक स्लॉटच्या बरोबर वर, सरळ खाली दाबा. सोनेरी पट्ट्यांची कड स्लॉटवर दोन्ही टोकांना सारखी दिसली पाहिजे. लांब स्लॉटच्या पुढच्या टोकाची कडी ‘टक’ करून बसते. सीरियल कार्डाच्या छोट्या स्लॉटला कडी नसतेच.

आता थांबा आणि कानाकडे बघा. खटका किंवा स्क्रू लावायच्या आधीच कान कठड्यावर सपाट टेकलेला हवा. फट दिसत असेल तर ती खटक्याने दाबून मिटवू नका. कान खाली खेचला की कार्ड जिभेवर तरफेसारखं फिरतं आणि पुढचं टोक स्लॉटमधून वर येतं. ‘स्क्रू लावला की डिस्प्ले जातो, सैल केला की येतो’ हे कोड्यासारखं लक्षण याचंच. फट पडण्याची कारणं ठरलेली आहेत: मदरबोर्ड मागच्या पत्र्याकडे पुरता सरकवलेला नाही, मागच्या पोर्टांभोवतीच्या पातळ चौकटीच्या स्प्रिंगा त्याला पुढे ढकलताहेत, खालच्या पितळी खुंट्या कमी-जास्त उंचीच्या आहेत, किंवा कठडाच वाकला आहे. मदरबोर्डचे स्क्रू अर्धा फेरा सैल करा, पूर्ण एटीएक्स (नेहमीच्या मोठ्या मापाच्या) बोर्डाला ते बहुधा ९ असतात. बोर्ड मागे रेटून धरा, कार्ड बसवा, कान टेकवा आणि मगच बोर्डाचे स्क्रू पुन्हा आवळा.

एवढं करूनही अर्धा-एक मिलिमीटर फरक राहिलाच तर तो पट्टीत घ्यायचा. छोट्या कार्डांची पट्टी कार्डाला दोन बारीक स्क्रूंनी लावलेली असते. ते अर्धा फेरा सैल करायचे, कार्ड स्लॉटमध्ये पूर्ण बसवायचं, कानाचा स्क्रू लावायचा, आणि शेवटी ते दोन स्क्रू जागच्या जागी आवळायचे. पट्टी आपली जागा स्वतः शोधते. सीरियल कार्डावर वेगळे स्क्रू नसतात. पोर्टच्या दोन्ही बाजूंच्या षटकोनी खुंट्याच पट्टी धरून ठेवतात. त्या ५ मिलिमीटरच्या नट ड्रायव्हरने फिरतात. अशा कार्डासोबत बहुधा आखूड पट्टीही येते, ७९ मिलिमीटरची, छोट्या कॅबिनेटसाठी. पूर्ण उंचीच्या कॅबिनेटमध्ये चुकून तीच लावली गेली तर कान कठड्यापर्यंत पोचतच नाही आणि कार्ड नुसतं स्लॉटवर उभं राहतं. तुमच्या कार्डाची पट्टी एकदा मोजून घ्या.

तुमच्या सीरियल कार्डाचं दुखणं तसं साधं आहे. स्लॉट फक्त २५ मिलिमीटर लांब, पुढे कडी नाही, आणि मागे नऊ पिनांचा कनेक्टर दोन्ही स्क्रूंनी घट्ट कसलेला. तिथून निघालेली जाड केबल काट्यापर्यंत जाते. पेट्या सरकवताना, क्रेट ओढताना तिला पाय लागतो. टॉवर उभा असताना केबलचं वजन कार्डाला खाली, शेजारच्या स्लॉटकडे वाकवतं आणि बाजूला बसलेला ताण कार्ड स्लॉटमधून उचलतो. कनेक्टर कसलेला असल्यामुळे तो सुटत नाही, सगळा हिसका कार्डाला बसतो. कान मोकळा असेल तर कार्ड एखाद-दोन मिलिमीटर उचललं गेलं तरी एखाद्या पट्टीचा संपर्क जातो आणि पोर्ट यादीतून गायब होतो. स्क्रूने कान धरला तरी केबलचा ताण कमी करा: कॅबिनेटच्या मागे केबलचा हातभर वेटोळा सोडा आणि ती टेबलाच्या पायाला टायने बांधा. हिसका टेबलाला बसू दे.

काट्याची केबल दुसऱ्या सॉकेटवरच्या यंत्राला जोडलेली असते, हाही एक मुद्दा. तिचं बाहेरचं आवरण कनेक्टरच्या धातूतून पट्टीला आणि पट्टीतून कॅबिनेटला जोडलं जातं. कान स्क्रूने दाबलेला असेल तर आलेला झटका बराचसा पत्र्यातून अर्थिंगकडे जातो. नाहीतर तो कार्डातून, म्हणजे मदरबोर्डमधून वाट काढतो. कातळावरच्या जागेत मुळात अर्थिंगच कमकुवत, आणि मे महिन्यात जमीन सुकली की आणखी. वळवाच्या पावसात विजा सुरू झाल्या की केबल काट्याकडून सोडवून ठेवा. स्क्रू हा विजेवरचा उपाय नव्हे.

ग्राफिक्स कार्डाबाबत एवढंच, की दोन स्लॉट अडवणाऱ्या कार्डाला दोन कान असतात आणि दोन्ही स्क्रू लागतात. त्याची बिनहत्यारी खुंटी अनेकदा एकाच कानापुरती पोचते. जड कार्ड उभ्या टॉवरमध्ये पुढच्या टोकाला झुकतं; त्याखाली टेकू द्या. बाजारात मिळतो तो चांगला, पण नेमका कापलेला अॅक्रिलिकचा तुकडाही चालतो. टेकूने कार्ड वर ढकलायचं नाही, फक्त खाली येऊ द्यायचं नाही. काढताना स्लॉटची कडी आधी दाबा. बोट पोचत नसेल तर आइस्क्रीमची लाकडी काडी वापरा. स्क्रू ड्रायव्हर निसटला तर मदरबोर्डावरच्या रेषा कापतो.

खाऱ्या हवेबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण घाटावरच्या सल्ल्यात हे नसतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं. आपल्याकडे मिरगापासून पुढचे तीन-चार महिने आर्द्रता बहुतेक काळ त्याच्या वरच. म्हणजे पत्र्यावर बसलेला मिठाचा थर पावसाळाभर ओला राहतो. कठड्याच्या जस्तावर पांढरी पूड धरते, तिच्याखाली पुढे तांबडा गंज येतो. कान आणि कठडा यांच्यात ती पूड आली की स्पर्श गेला. स्क्रू लावण्यापूर्वी ती सुक्या ब्रशने झाडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या कापसाने पुसा, सुकू द्या. स्क्रू निकेलचा मुलामा असलेला घ्या. काळे रंगवलेले स्वस्त स्क्रू दुसऱ्या पावसाळ्यात जाम होतात. आट्यांना व्हॅसलिनचं नखभर बोट लावलं तर चालतं. कॅबिनेटच्या आत खोबरेल किंवा गंजावरचा स्प्रे मारणं मात्र बंद करा, ते धुळीचा चिखल करतं.

कार्डाच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने घासायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. एकदा अडचणीत चालून जातं, पण सोन्याचा थर अगदी पातळ असतो आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये जातो. अल्कोहोल आणि लोकर न सुटणारं कापड पुरेसं आहे. संगणक पावसाळ्यात रोज तासभर तरी चालू ठेवा. आतली ऊब ओल धरू देत नाही. आणि कार्ड काढलेल्या स्लॉटची झाकणपट्टी परत लावा. मोडून काढायची असेल तर ती परत बसत नाही, म्हणून सुटी झाकणं विकत घ्या, त्यांनाही हेच स्क्रू. उघड्या फटीतून पाल शिरते, कुंभारमाशी मातीचं घर करते, आणि पंख्याने ओढायची हवा त्या फटीतूनच आत येऊन कार्ड तापतं.

संगणक दुरुस्तीला कणकवलीला न्यायचा असो, की गणपतीला कोणी मुंबईहून गाडीत घालून आणणार असो, खटक्यावरचं जड कार्ड काढून अँटिस्टॅटिक पिशवीत वेगळं न्यावं. महामार्गावरचे खड्डे खटका बरोबर उघडतात. कॅबिनेट मदरबोर्ड खाली, आडवं ठेवावं.

सगळं बसवल्यावर झाकण लावण्याआधी, विजेची वायर न जोडता, सीरियल केबल हलकेच चारही बाजूंना ओढून कानाकडे बघा. कान जरासुद्धा हलला नाही पाहिजे. मग चालू करा. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘पोर्ट्स’खाली कार्ड दिसलं पाहिजे. लिनक्स असेल तर ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेने येणाऱ्या यादीत. ग्राफिक्स कार्ड जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये १६ ऐवजी ८ किंवा ४ लेनवर (लेन म्हणजे स्लॉटमधली माहितीची वाट) दिसलं तर ते पूर्ण बसलेलं नाही असा संशय घ्या, मात्र आधी मदरबोर्डच्या पुस्तिकेत तो स्लॉट मुळातच कमी लेनचा नाही ना ते पाहा. मोकळ्या वेळी वेग कमी दिसतो तो वीज वाचवण्यासाठी असतो, तो बिघाड नव्हे.

या गडबडीत सीरियल कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये घातलं असेल तर विंडोज त्याला नवं कार्ड समजून वेगळा क्रमांक देऊ शकतं, काल कॉम ३ होतं ते आज कॉम ५. कार्ड नीट बसलेलं असतं, काटाही चालू असतो, पण बिलिंगचा प्रोग्राम जुन्याच क्रमांकावर वाट बघत बसतो. प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये नवा क्रमांक घाला, किंवा कार्ड मूळ स्लॉटमध्येच परत लावा. मग काट्यावर एक भरलेला क्रेट ठेवून आकडा बिलात उतरतोय का ते बघा.